पंचवीस टक्क्यांची भिंत: मार्क थॉम्पसन, इरिडियम आणि ओएलईडीतला हरवलेला प्रकाश

ओएलईडी म्हणजे विजेवर उजळणारा सेंद्रिय रेणूंचा दिवा. त्याच्या पातळ थरात एका बाजूने शंभर इलेक्ट्रॉन सोडले, दुसऱ्या बाजूने शंभर होल (इलेक्ट्रॉन नसलेल्या धनभारित जागा) सोडले आणि सगळे एकमेकांना भेटले असं धरलं, तर प्रकाशाचे फोटॉन किती निघतील? १९९७ पर्यंत उत्तर ठरलेलं होतं: फार तर पंचवीस. त्यातलेही वीस काचेत आणि थरांत अडकून पडायचे. बाहेर यायचे पाच. हा हिशेब ज्या धातुसंयुगांनी मोडला, त्यांच्यामागच्या रसायनशास्त्रज्ञाचं, मार्क थॉम्पसन यांचं काम इथे एक प्रकरण म्हणून तपासलं आहे. पुरस्कारांची यादी देण्यात रस नाही. कोणत्या टप्प्यावर काय अडलं, का अडलं आणि रेणूत नेमका कोणता बदल केल्यावर सुटलं, एवढंच पाहायचं आहे.

अडचण कुठे होती

१९८७ मध्ये ईस्टमन कोडॅकच्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅनस्लाइक यांनी दोन थरांचा सेंद्रिय दिवा बनवला. पारदर्शक आयटीओ (इंडियम-टिन ऑक्साइड) धनाग्रावर ७५ नॅनोमीटरचा डायअमिनचा थर, त्यावर ६० नॅनोमीटरचा ॲल्युमिनियम-ऑक्झिन संयुगाचा थर आणि वर मॅग्नेशियम-चांदीचं ऋणाग्र. १० व्होल्टच्या आत चौरस मीटरला १००० कँडेलाहून अधिक हिरवा उजेड मिळाला. बाह्य क्वांटम कार्यक्षमता, म्हणजे शंभर इलेक्ट्रॉनमागे बाहेर पडणारे फोटॉन, मात्र एक टक्का.

यातलं ऑक्झिन म्हणजे ८-हायड्रॉक्सीक्विनोलिन. रसायनशास्त्राच्या पदवीला भारात्मक विश्लेषण केलेल्यांना ते परिचयाचं आहे. ॲल्युमिनियमचा हिरवट पिवळा अवक्षेप गाळायचा, वाळवायचा, तोलायचा. तोच अवक्षेप निर्वातात तापवून काचेवर चढवला की दिवा पेटतो, हे त्या काळी अनेकांना गंमतच वाटलं असणार. पण या संयुगात ॲल्युमिनियमचं काम तीन लिगँड (धातूला जोडलेले सेंद्रिय रेणू) एकत्र बांधून ठेवण्यापुरतं. प्रकाश लिगँडमधून येतो, धातू बाजूला उभा. पुढची सगळी गोष्ट या 'बाजूला उभं राहण्या'भोवती फिरते.

इलेक्ट्रॉन आणि होल भेटले की एक्सिटॉन, म्हणजे उत्तेजित रेणू, तयार होतो. दोघांच्या स्पिनची, म्हणजे स्वतःभोवती फिरण्यासारख्या गुणधर्माची, जोडी चार तऱ्हांनी जुळते. एक तऱ्हा सिंग्लेट, तीन तऱ्हा ट्रिप्लेट. सिंग्लेट काही नॅनोसेकंदांत प्रकाश देऊन मोकळा होतो, तो फ्लुओरेसन्स. ट्रिप्लेटला मूळ अवस्थेत उतरण्यासाठी स्पिन उलटावा लागतो. कार्बन, नायट्रोजन, ॲल्युमिनियम यांसारख्या हलक्या अणूंच्या रेणूत खोलीच्या तापमानाला ते जवळपास घडत नाही. ऊर्जा कंपनांत जाते, थर तापतो. चारातला एकच कामाचा, म्हणून पंचवीस टक्के. शिवाय सेंद्रिय थराचा अपवर्तनांक १.७ च्या आसपास असल्याने सपाट काचेतून पाचवा हिस्साच बाहेर पडतो. म्हणून पाच.

प्रकाश बाहेर काढण्याची अडचण भिंगं, खरबरीत काच असल्या उपायांनी थोडीबहुत हाताळता येते. स्पिनची अडचण रेणूच्या आत आहे. ती रसायनशास्त्रज्ञानेच सोडवायची.

आधीची वाट

थॉम्पसन या प्रश्नाकडे सरळ आलेले नाहीत. बर्कलेहून १९८० मध्ये पदवी, मग कॅल्टेकला जॉन बर्कॉ यांच्याकडे १९८५ मध्ये डॉक्टरेट. तिथलं काम स्कँडियमच्या संयुगांवर: धातू हायड्रोकार्बनचा कार्बन-हायड्रोजन बंध कसा तोडतो आणि त्या जागी स्वतः कसा बसतो. नंतर ऑक्सफर्डला माल्कम ग्रीन यांच्याकडे. तिथे फेरोसीनला नायट्रोफेनिलची शेपटी जोडलेला एक रेणू बनला, लेसरची वारंवारता दुप्पट करणारा. १९८७ मध्ये तो 'नेचर'मध्ये छापून आला. त्याच वर्षी ते प्रिन्स्टनला रुजू झाले आणि झिर्कोनियम फॉस्फोनेटच्या थरांत व्हायोलोजेन बसवून प्रकाशाने विद्युतभार वेगळे करण्याच्या कामाला लागले.

बायोडेटा म्हणून हे विस्कळीत वाटतं. पण स्कँडियमने कार्बन-हायड्रोजन बंध तोडणं शिकवलं, फेरोसीनने धातू आणि सेंद्रिय सांगाडा यांच्यात भार कसा सरकतो ते, आणि थरांच्या कामाने घन अवस्थेतल्या रेणूंकडे पाहायची सवय लावली. इरिडियमला फेनिलपिरिडिन जोडताना या तिन्हींची गरज पडते.

१९९२ मध्ये स्टीफन फॉरेस्ट प्रिन्स्टनला आले. ते उपकरणवाले, बेल लॅब्समध्ये काम केलेले, आणि येण्यापूर्वी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात होते. दोघांचं जुळलं. १९९५ मध्ये थॉम्पसन नेमके त्याच सदर्न कॅलिफोर्नियात गेले, पण भागीदारी टिकली: रेणू लॉस एंजेलिसला, दिवे न्यू जर्सीला. सुरुवातीची वर्षं पारदर्शक दिवे आणि एकावर एक रचलेले तीन रंगांचे दिवे यांत गेली. तोपर्यंत रेणू इतरांनी शोधलेलेच होते.

पहिला प्रयत्न: प्लॅटिनम

जड अणूच्या भोवती इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची कक्षीय गती एकमेकांत गुंततात, आणि स्पिन उलटण्यावरची बंदी सैल पडते. हे पुस्तकी ज्ञान जुनंच. मग जड धातूचा, खोलीच्या तापमानाला फॉस्फोरेसन्स, म्हणजे ट्रिप्लेटमधून येणारा प्रकाश, देणारा आणि निर्वातात न जळता उडणारा रेणू हवा. प्लॅटिनम ऑक्टाएथिल पॉर्फिरिन, प्रयोगशाळेच्या बोलीत पीटीओईपी, या तिन्ही अटींत बसत होता. ऑक्सिजन मोजणाऱ्या संवेदकांत तो आधीपासून वापरात होता. ऑक्सिजनने त्याचा लाल उजेड विझतो, त्यावरून मोजमाप.

ॲल्युमिनियम-ऑक्झिनच्या थरात ६ टक्के पीटीओईपी मिसळून केलेला दिवा सप्टेंबर १९९८ च्या 'नेचर'मध्ये आला. पहिलं नाव मार्क बाल्डो यांचं. ६५० नॅनोमीटरचा गडद लाल रंग, बाह्य कार्यक्षमता ४ टक्के, अंतर्गत, म्हणजे दिव्याच्या आत तयार होणाऱ्या प्रकाशाची, २३ टक्के. आकडा पंचवीसच्या आतच दिसतो, पण हा प्रकाश ट्रिप्लेटमधून येत होता. जो हिस्सा आजवर उष्णतेत जायचा, तोच उजळला होता. पुढच्या वर्षी यजमान, म्हणजे ज्या पदार्थात उजळणारा रेणू मिसळतात तो, बदलून सीबीपी घेतला, होल अडवणारा थर घातला आणि बाह्य कार्यक्षमता ५.६ टक्क्यांवर गेली. भिंत ओलांडली होती.

तरी हा दिवा कामाचा नव्हता. मंद असताना कार्यक्षम, उजळ करायला गेलं की घसरण. कारण आयुर्मान. पीटीओईपीचा ट्रिप्लेट दहा मायक्रोसेकंदांच्या पटीत, विरळ मिसळलेला असताना नव्वदच्या आसपास, तग धरतो. म्हणजे प्रत्येक रेणू तेवढा वेळ अडकलेला. प्रवाह वाढवला की दोन अडचणी येतात. एक, रिकामे रेणू उरत नाहीत. दुसरी, शेजारचे दोन ट्रिप्लेट एकमेकांवर आदळून एक फुकट जातो. ठरावीक प्रवाहाला ट्रिप्लेटची घनता आयुर्मानाच्या प्रमाणात वाढते आणि जोडीने होणारी टक्कर घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात. आयुर्मान पन्नास पट कमी केलं तर टकरी अडीच हजार पट घटतील. या एका गुणाकारात पुढच्या संशोधनाची दिशा आहे.

जड असून भागत नाही

इथे बहुतेक सारांशांत एक सरधोपट वाक्य येतं: 'इरिडियम जड असल्याने काम झालं'. ते चूक आहे. प्लॅटिनम इरिडियमहून जडच. स्पिन-कक्षा जोडणीचा अणुस्थिरांक प्लॅटिनमला सुमारे ४४८० प्रतिसेंटिमीटर, इरिडियमला सुमारे ३९१०. तरी पीटीओईपी संथ आणि इरिडियमचं संयुग झपाट्याचं.

फरक उत्तेजित अवस्थेच्या घडणीत आहे. पॉर्फिरिनमध्ये उत्तेजित इलेक्ट्रॉन पॉर्फिरिनच्या कड्यातच फिरतो. प्लॅटिनम मधोमध आहे, पण त्याच्या कक्षा या अवस्थेत फारशा मिसळलेल्या नाहीत. ॲल्युमिनियमसारखा तोही जवळजवळ बाजूलाच उभा. फेनिलपिरिडिनच्या इरिडियम संयुगात इलेक्ट्रॉन थेट धातूच्या डी-कक्षेतून उचलला जाऊन पिरिडिनवर जातो. म्हणजे धातू स्वतः व्यवहारात पक्षकार आहे. त्याचा वाटा जितका मोठा, तितकं ट्रिप्लेटचं आयुर्मान छोटं. धातू निवडणं हा अर्धाच भाग. त्याला व्यवहारात ओढणारा लिगँड निवडणं हा उरलेला.

हा रेणू नवा नव्हता. १९८५ मध्ये सांता बार्बरा इथे किंग, स्पेलेन आणि वॉट्स यांनी त्याचं वर्णन केलं होतं. दुसरंच काही बनवताना तो उपपदार्थ म्हणून हाती आला होता. १९९१ मध्ये वॉट्स यांच्याच गटाने तो मुद्दाम बनवायची रीत दिली. तिच्या लेखकांत असलेले पीटर ज्युरोविच पुढे थॉम्पसन यांच्या गटात आले. रीत छापील शोधनिबंधातून येते, हात मात्र माणसाबरोबर येतो.

१९९९ चा दिवा

रचना अशी: आयटीओवर ४० नॅनोमीटर एनपीडी, त्यावर २० नॅनोमीटर सीबीपी आणि त्यात ६ टक्के इरिडियम संयुग, मग ६ नॅनोमीटर बीसीपी, मग २० नॅनोमीटर ॲल्युमिनियम-ऑक्झिन, आणि मॅग्नेशियम-चांदी. ५१० नॅनोमीटरचा हिरवा रंग, बाह्य कार्यक्षमता ८ टक्के, ३१ ल्युमेन प्रतिवॉट. महत्त्वाचा आकडा मात्र वेगळाच: चौरस मीटरला १०० कँडेला उजेडावरही ७.५ टक्के टिकून राहिले, ते ४.३ व्होल्टला. पीटीओईपीची घसरण इथे जवळपास नाहीशी.

प्रत्येक थराला एकच काम आहे. एनपीडी होल आणतो. सीबीपी यजमान; इलेक्ट्रॉन-होलची भेट बहुतांशी त्यात होते आणि ऊर्जा डोपंटला, म्हणजे मिसळलेल्या इरिडियम संयुगाला, मिळते. बीसीपी होलना आणि एक्सिटॉनना पुढे जाऊ देत नाही. ॲल्युमिनियम-ऑक्झिन आता उजेड देत नाही, फक्त इलेक्ट्रॉन वाहतो. बीसीपीचा थर काढून टाकला तर एक्सिटॉन ॲल्युमिनियम-ऑक्झिनमध्ये शिरतात आणि तिथेच मरतात.

कारण ट्रिप्लेटची पायरी, म्हणजे त्याच्या ऊर्जेची पातळी. ॲल्युमिनियम-ऑक्झिनचा ट्रिप्लेट सुमारे २.० इलेक्ट्रॉन-व्होल्टवर, हिरव्या इरिडियमचा २.४ वर, सीबीपीचा २.५६ वर. यजमानाची पायरी डोपंटहून वर हवी, नाहीतर ऊर्जा उलटी वाहते. पीटीओईपीचा ट्रिप्लेट १.९ वर होता, म्हणून १९९८ मध्ये ॲल्युमिनियम-ऑक्झिन यजमान म्हणून चाललं. हिरव्याला तेच यजमान घेणारा नवखा माणूस दिवा पेटत नाही म्हणून संयुगाच्या शुद्धतेवर संशय घेत बसतो. एनपीडीची पायरीही २.३ च्या आसपास, हिरव्याच्या खाली. भेटीची जागा एनपीडीच्या कडेला सरकली तर तिथूनही गळती होते. हे कोडं उलगडायला आणखी काही वर्षं लागली.

बीसीपीची दुसरी बाजू: त्याचं काचसंक्रमण तापमान ६० अंशांच्या आसपास. दिवा तापला की थर स्फटिकतो. कार्यक्षमतेचा विक्रम करायला तो चालला, टिकाऊ दिव्यासाठी बदलावाच लागला.

फ्लास्कमधलं काम

हे इरिडियम संयुग बनवण्याची पहिली पायरी क्लोरीन-सेतूचा डायमर, म्हणजे दोन इरिडियम क्लोरीनने जोडलेला रेणू. २-एथॉक्सीएथॅनॉल आणि पाणी ३:१ प्रमाणात, त्यात इरिडियम क्लोराइडचा हायड्रेट आणि २.२ ते २.५ सममूल्य फेनिलपिरिडिन. नायट्रोजनखाली ११० ते १२० अंशांना २४ तास रिफ्लक्स, म्हणजे वाफ थंड करून परत आत सोडत उकळणं. १ ग्रॅम ट्रायहायड्रेटला (२.८४ मिलिमोल) साधारण १ ग्रॅम फेनिलपिरिडिन लागतं. थंड झाल्यावर पाणी घालून पिवळा अवक्षेप गाळायचा, पाण्याने आणि मग थोड्या थंड मिथेनॉलने धुवायचा. सैद्धांतिक उतारा १.५२ ग्रॅम.

पहिली चूक इथेच होते. इरिडियम क्लोराइडमधल्या पाण्याचं प्रमाण बाटलीगणिक बदलतं. ट्रायहायड्रेट धरलं तर इरिडियम ५४.५ टक्के यायला हवं. बाटलीसोबतच्या प्रमाणपत्रावरचा इरिडियमचा टक्का घेऊनच मोल काढावेत. नाहीतर उतारा १०५ टक्के येतो आणि माणूस खूश होतो.

दुसरी पायरी दोन वाटांनी जाते. डायमरला तिसरं फेनिलपिरिडिन जोडायचं, की ॲसिटिलॲसिटोन.

तिसरं फेनिलपिरिडिन जोडताना तापमान हीच मेख. डायमर १ ग्रॅम, फेनिलपिरिडिन ०.३६ ग्रॅम (२.५ सममूल्य), पोटॅशियम कार्बोनेट १.३ ग्रॅम (१० सममूल्य), ग्लिसरॉलमध्ये. १४० अंशांना तापवलं तर 'मेर' समघटक (तेच अणू, वेगळी मांडणी) मिळतो, २०० अंशांना 'फॅक'. थॉम्पसन यांच्या गटाने २००३ मध्ये हे नीट मांडलं. मेरमध्ये दोन फेनिल कार्बन एकमेकांसमोर येतात. दोघेही धातूला जोराने ओढतात, म्हणून समोरासमोरचे बंध लांब आणि दुबळे. मेर आधी बनतो, कारण त्याची वाट सोपी. फॅक जास्त स्थिर, पण तिथे पोचायला ऊर्जा हवी. मेर उजेडही कमी देतो. तापवून किंवा अतिनील प्रकाशात ठेवून मेरचा फॅक होतो, उलट होत नाही.

दोघांचा रंग सारखाच पिवळा, वस्तुमानही सारखं, ६५४.८. मास स्पेक्ट्रमवर विसंबणाऱ्याला फरक कळणारच नाही. प्रोटॉन एनएमआर बघावा. फॅकमध्ये तिन्ही लिगँड सारखे, म्हणून हायड्रोजनचे आठच संकेत. मेरमध्ये तिन्ही वेगळे, म्हणून चोवीस. आठ मोठ्या संकेतांच्या पायथ्याशी छोट्या संकेतांची गर्दी दिसली तर तापमापी तपासा. तेलाचं पात्र २०० दाखवतं तेव्हा आतलं दाट ग्लिसरॉल १८० वर असू शकतं. तापमापी आतच हवी, ढवळणी तगडी हवी.

ग्लिसरॉल उडवून काढायचा नाद करू नये. थंड झाल्यावर भरपूर पाणी ओतायचं, संयुग खाली बसतं. गाळून पाणी, मिथेनॉल, हेक्सेन यांनी धुवायचं, मग डायक्लोरोमिथेनमध्ये सिलिकाच्या स्तंभातून. सैद्धांतिक १.२२ ग्रॅमपैकी ०.८ ते ०.९ हाती आले तर काम बरं झालं.

ॲसिटिलॲसिटोनची वाट सोपी. डायमर १ ग्रॅम, ॲसिटिलॲसिटोन ०.२४ मिलिलिटर, सोडियम कार्बोनेट १ ग्रॅम, २-एथॉक्सीएथॅनॉलमध्ये १२ ते १५ तास रिफ्लक्स. उतारा चांगला, आणि फेनिलपिरिडिनच्या जागी कोणताही तत्सम लिगँड चालतो. सर्गेई लामान्स्की आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याच रीतीने रंगांची अख्खी माळ ओवली: फेनिलपिरिडिनने ५१६ नॅनोमीटरचा हिरवा, बेन्झोथायाझोलने ५५७ चा पिवळा, बेन्झोथायेनिलपिरिडिनने ६१२ चा लाल. रंग ठरवायचा तर लिगँडचं संयुग्मन वाढवा किंवा कमी करा. धातू आणि पद्धत तीच. उद्योगाने उचललं ते हेच. पण या संयुगाला आम्ल चालत नाही, ॲसिटिलॲसिटोन सुटून जातं. एनएमआरसाठी घेतलेल्या जुन्या क्लोरोफॉर्ममध्ये मुरलेलं हायड्रोक्लोरिक आम्लही पुरतं, आणि निष्पाप नमुना अशुद्ध ठरतो. क्लोरोफॉर्म आधी आम्लारिधर्मी ॲल्युमिनावरून गाळून घ्यावा.

शेवटी संप्लवन, म्हणजे घन पदार्थाची न वितळता वाफ करून तो पुन्हा घन करणं. लांब काचनळीत एका टोकाला पूड, बाजूने टप्प्याटप्प्याने उतरतं तापमान, आत उच्च निर्वात. शुद्ध संयुग मधल्या पट्ट्यात चिकटतं, हलकी घाण पुढे जाते, जड आणि मीठवजा पदार्थ मागे राहतात. ही पायरी शुद्धतेसाठी आहे तशीच परीक्षाही आहे: संप्लवनात तुटणारा रेणू बाष्पीकरणाच्या दिव्यात चालणार नाही. डायमरमधलं क्लोरीन सूक्ष्म प्रमाणात उरलं तरी कार्यक्षमतेवर फार परिणाम दिसत नाही, दिव्याचं टिकाऊपण मात्र खालावतं. म्हणून पहिल्या दिवसाच्या मोजणीवर समाधान मानू नये.

द्रावणातली मोजणीही फसवी. हवेतला विरघळलेला ऑक्सिजन स्वतः ट्रिप्लेट. तो इरिडियमचा उजेड खातो. उघड्या टोल्युइनमध्ये उजेड दहाव्या हिश्शाच्याही खाली येतो. गोठवणं, निर्वात करणं, वितळवणं हे चक्र तीनदा केल्याशिवाय आकडा लिहू नये. १९८५ मध्ये या संयुगाची द्रावणातली क्वांटम कार्यक्षमता (शोषलेल्या दर फोटॉनमागे परत दिलेले फोटॉन) ०.४० अशी नोंदली गेली होती आणि बराच काळ तीच उद्धृत होत राहिली. नंतरच्या काळजीपूर्वक मोजण्यांत ती ०.९ च्या पुढे भरली. ०.४० खरं असतं तर पुढचे दिवे शक्यच नव्हते.

थर चढवतानाचा हिशेबही पाहू. सीबीपी सेकंदाला ०.२ नॅनोमीटर वेगाने येत असेल, तर ६ टक्क्यांसाठी डोपंट ०.०१३ ने यायला हवा. त्यात ०.००४ चा चढउतार झाला की प्रमाण ४ ते ८ टक्क्यांत झुलतं. त्यात क्वार्ट्झचा मापक जाडी मोजतो, आणि इरिडियमचं संयुग यजमानाहून घन असल्याने जाडीचे ६ टक्के म्हणजे वजनाचे ६ टक्के नव्हेत. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा आधी विचारावं, टक्के कशाचे?

आठवरून एकोणीस

उरलेलं काम पायऱ्या नीट लावण्याचं होतं आणि त्यात फॉरेस्ट यांच्या गटातल्या चिहाया अदाची यांचा मोठा हात. २००० मध्ये यजमान आणि होल वाहक बदलून १५.४ टक्के. २००१ मध्ये ॲसिटिलॲसिटोनवालं हिरवं संयुग टीएझेड नावाच्या यजमानात १२ टक्के घालून १९ टक्के, ६० ल्युमेन प्रतिवॉट, अंतर्गत कार्यक्षमता ८७ टक्के, अधिक-उणे ७. चौदा वर्षांत एकावरून एकोणीसवर. सपाट काचेत याहून फारसं वर जायला जागाच नव्हती.

इरिडियम दुर्मिळ आहे. प्लॅटिनमच्या खाणींतून उपपदार्थ म्हणून वर्षाला जगभरात काही टनच निघतं. मग पडद्यांना पुरणार कसं? ढोबळ हिशेब करू. १०० चौरस सेंटिमीटरच्या फोनच्या पडद्यावर एका रंगाचा ३० नॅनोमीटरचा थर पूर्णभर धरला, तर थराचं वजन ०.३६ मिलिग्रॅमच्या आसपास. त्यात ८ टक्के डोपंट, आणि डोपंटमध्ये २९ टक्के इरिडियम. म्हणजे ८-९ मायक्रोग्रॅम. खरी नासाडी बाष्पीकरणाच्या पेटीत होते. बराचसा माल भिंतींवर आणि मुखवट्यावर बसतो. तो खरवडून परत शुद्ध करणं हाच वेगळा उद्योग आहे.

निळ्यावर अडलेलं गाडं

लाल आणि हिरवा सुटले, निळा सुटला नाही. लिगँडवर फ्लोरीन लावून, एका जागी पिकोलिनेट बसवून २००१ मध्ये आकाशी निळा एफआयआर-पिक तयार झाला. त्याचा ट्रिप्लेट २.६ च्या वर, सीबीपीचा २.५६. यजमानाची पायरीच खाली. तरी उष्णतेच्या मदतीने ऊर्जा चढून जाते आणि ५.७ टक्के मिळतात. यजमान बदलून २.९ चा एमसीपी घेतल्यावर सुधारणा झाली. पण संप्लवनात आणि चालू दिव्यात हा रेणू मोडतो, पिकोलिनेट सुटतं, फ्लोरीन निघतं. रंगही खरा निळा नव्हेच.

याला दोन कारणं आणि दोन्ही मूलभूत. पहिलं रेणूतलं: ट्रिप्लेटची पायरी जितकी वर न्यावी, तितकी ती धातूच्या बंधतोड्या अवस्थेच्या जवळ जाते. तिथे इलेक्ट्रॉन पोचला की इरिडियम-नायट्रोजन बंध सुटतो आणि उजेड विझतो. यावर थॉम्पसन यांच्या गटाने २००५ पासून कार्बीन लिगँड आणले. कार्बीनचा कार्बन धातूला घट्ट धरतो आणि ती घातक अवस्था खूप वर ढकलतो. गंमत अशी की २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गडद निळ्या कार्बीन संयुगात मेर समघटकही उत्तम चालला. हिरव्यात ज्याला टाळायचं, तोच इथे कामाला.

दुसरं कारण थरातलं. निळ्या एक्सिटॉनची ऊर्जा सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तो शेजारच्या भारित रेणूवर आदळला तर त्या रेणूवर एकदम ६ च्या आसपास ऊर्जा साठते. सेंद्रिय बंध तुटायला साधारण ३ ते ४ पुरतात. लाल रंगात ही बेरीज कमी भरते, म्हणून लाल वर्षानुवर्षं चालतो. २००८ मध्ये हे गणित मांडलं गेलं. उपाय पुन्हा तोच जुना: एक्सिटॉन लवकर मोकळा करा, आणि एका जागी गर्दी करू नका. डोपंटचं प्रमाण थराच्या एका कडेपासून दुसरीकडे उतरतं ठेवून फॉरेस्ट यांच्या गटाने २०१४ मध्ये निळ्याचं टिकाऊपण दहापट वाढवलं. तरी फोनच्या पडद्यांत लाल-हिरवा इरिडियमचा आणि निळा जुन्या फ्लुओरेसन्सचाच, ही विभागणी दशकाहून अधिक काळ चालत आली आहे.

तांब्याकडे

अलीकडचं काम इरिडियमपासून लांब गेलं आहे. मधल्या काळात सेंद्रिय सौरघटांवरही बरंच काम झालं, पण या प्रकरणाचा धागा तांब्यातून पुढे जातो. तांब्याचा स्पिन-कक्षा स्थिरांक ८६० च्या जवळपास, इरिडियमच्या पावपट. जुनी समजूत धरली तर हा धातू बादच. शिवाय तांब्याला चार बंध असलेली संयुगं उत्तेजित झाली की चपटी होतात, आकार बदलण्यात ऊर्जा घालवतात.

उपाय म्हणून दोनच लिगँड, सरळ रेषेत: एका बाजूला कार्बीन, दुसऱ्या बाजूला कार्बाझोल, मधे तांबं. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या गटांनी सोन्यावर आणि तांब्यावर या घडणीचे दिवे दाखवले होते. २०१९ मध्ये थॉम्पसन यांच्या गटाने 'सायन्स'मध्ये तांब्याची संयुगं मांडली: ९९ टक्क्यांहून अधिक क्वांटम कार्यक्षमता, आयुर्मान सुमारे २.८ मायक्रोसेकंद. इलेक्ट्रॉन कार्बाझोलवरून कार्बीनवर उडी मारतो आणि तांब्याचा वाटा तुलनेने छोटा असतो. पण दोन्ही टोकं लांब असल्याने सिंग्लेट आणि ट्रिप्लेट यांच्यातलं अंतर इतकं कमी होतं, की खोलीच्या उष्णतेवर ट्रिप्लेट वर चढून सिंग्लेटच्या वाटेने बाहेर पडतो. तांब्याची तेवढीशी स्पिन-कक्षा जोडणी या चढाईला वेग द्यायला पुरते. आयुर्मान इरिडियमच्या रांगेत येऊन बसलं. कार्बीनवरचे अवजड गट काढले तर लिगँड तांब्याभोवती फिरू लागतो आणि कार्यक्षमता ढासळते. त्यामुळे या संयुगांत नवा लिगँड सुचवताना पहिला प्रश्न रंगाचा नसतो. हा गट तांब्याला वाकू देईल का, फिरू देईल का, आणि संप्लवनात बंध टिकेल का, हे आधी पाहावं लागतं.